दारापासून दारापर्यंत

मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि विमान ते साधारण साडेपाच तासांत पार करते. बडोदे ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने ४०० किलोमीटरही नाही, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. तरी त्यासाठी गाडीत साडेचार-पाच तास बसावे लागते. परदेशी लेकीकडे जाऊन आलेल्या आपल्या समाजातील कोणत्याही आजीला हे गणित ठाऊक असते. आम्हा डॉक्टरांना मात्र त्याचा विसर पडतो आणि त्याची किंमत कधी कधी तान्ह्या बाळाला मोजावी लागते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी माहेरपण आटोपून सिंगापूरला परतणारी एक मुलगी आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आली. बाळाचे जुलाब दोनच दिवसांपूर्वी थांबले होते. “विमान किती तासांचे?” एवढेच मी विचारले. “साडेपाच, काका,” ती म्हणाली. बाळाला तपासून मी “जा खुशाल” असे सांगून मोकळा झालो. प्रत्यक्षात घर ते स्टेशन एक तास, गाडीत पाच, मुंबईत विमानतळ गाठेपर्यंत दोन, विमानतळावर तीन, विमानात साडेपाच आणि उतरल्यावर घरी पोहोचेपर्यंत दीड, असा तो अठरा तासांचा प्रवास होता. वाटेत जुलाब पुन्हा सुरू झाले. जलसंजीवनीच्या पुड्या मोठ्या बॅगेत जाऊन पडल्या होत्या. बाळाला उतरल्यावर थेट इस्पितळात न्यावे लागले. सुदैवाने ते लवकर बरे झाले. पण दोष त्या आईचा नव्हता, माझ्या अपुऱ्या प्रश्नाचा होता.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील ठिकाणासारखा असतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. निरोगी बाळ हे सहज सोसते. न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या बाळाविषयी मात्र तसे गृहीत धरता येत नाही. विमान उतरू लागले की आतील दाब वाढतो आणि सर्दीने युस्टेशियन नलिका बंद असल्यास कान ठणकू लागतो. अशा वेळी बाळाला अंगावर पाजावे. गिळण्याच्या क्रियेने नलिका उघडते. प्रवासात बाळ झोपावे म्हणून गुंगीचे औषध मागणाऱ्या पालकांना आपण स्पष्ट नकार द्यावा.

घड्याळाचाही घोटाळा असतो. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे तिकिटावरील स्थानिक वेळा पाहिल्या, तर हाच प्रवास जाताना आठ तासांचा आणि येताना जेमतेम तीन तासांचा भासतो. दर आठ तासांनी द्यायचे औषध अशा घड्याळावर विसंबून दिले, तर मात्रांमधील अंतर चुकते. म्हणून पुढची मात्रा किती तासांनी द्यायची, हे पालकांना मोजून सांगावे.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एवढे विचारायला सवड कुठे, असे काही सहव्यावसायिक म्हणतील. पण “दारापासून दारापर्यंत किती तास?” हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्याचे उत्तर केसपेपरवर नोंदविल्याखेरीज बाळाच्या प्रवासाच्या दाखल्यावर सही करू नये, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. मी स्वतः त्या दिवसापासून हा नियम पाळत आलो आहे.