मोठा दाखला कीं आपल्या कामाचा दाखला?

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं गांवोगांवच्या पारावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो. कोणी 'डिप्लोमा' छापतो, कोणी 'ॲडव्हान्स डिप्लोमा', तर कोणी 'मास्टर डिप्लोमा इन बिझनेस मॅनेजमेंट'. वर कोटांतल्या तरुणाचें चित्र आणि खालीं नोकरीची हमी. आमचा शेतकरी बाप तो कागद घडी घालून शाळामास्तराकडे घेऊन येतो आणि विचारतो, "गुरुजी, यांतला मोठा कोणता?" आमच्या मतें घोटाळा येथूनच सुरू होतो. मुलगा आज कोणत्या पायरीवर उभा आहे आणि त्याला जें काम करावयाचें आहे त्याला कोणती पायरी लागते, हें आधीं ठरलें पाहिजे. तें ठरल्याशिवाय कागद वाचूं नये. निदान फीचे पैसे तरी मोजूं नयेत.

हिशेब हा आपला विषय नव्हे, तो सावकाराचा नि कारकुनाचा, ही समजूत आपल्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. तिची किंमत आपण जमिनी देऊन भरली. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध यांच्या जोडीनें हिशेब आणि शेतकीचें प्राथमिक ज्ञान शिकवावें अशी मागणी होती. ज्याला व्याज मांडतां येत नाहीं त्याचें शेत दुसऱ्याच्या वहींत जातें, हें त्या काळच्या रयतेनें भोगलें होतें. तेव्हां आपल्या मुलामुलींनीं व्यापार व हिशेब शिकावा याविषयीं आम्हांस शंका नाहीं. प्रश्न आहे तो किती आणि कोठून शिकावा एवढाच.

केंद्र सरकारनें २७ डिसेंबर २०१३ रोजीं राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्यांत दहा पायऱ्या होत्या. २०२३ सालीं फेरमांडणी होऊन त्या आठ झाल्या, व मध्यें अर्ध्या पायऱ्या घातल्या गेल्या. आजच्या मांडणींत दहावी म्हणजे तिसरी पायरी, बारावी चौथी, पदवीचें पहिलें वर्ष साडेचार, दुसरें पांच व तिसरें साडेपांच. येथें एक खांच आहे ती नीट लक्षांत घ्यावी. दहा पायऱ्यांच्या काळांत तीन वर्षांच्या बी.व्होक. पदवीला सातवी पायरी दिलेली होती. नव्या मांडणींत तीन वर्षांची पदवी साडेपांचावर बसते. म्हणजे जुन्या दाखल्यावरचा सात आणि नव्या दाखल्यावरचा साडेपांच हे दोन्ही एकाच उंचीचे. आंकडा वाचतांना त्याचें सालही वाचावें, नाहींतर कोणी चतुर माणूस जुना आंकडा दाखवून नवे पैसे घेईल.

'डिप्लोमा' या शब्दाची तर गोष्टच सोडा. तो पाण्यासारखा आहे, ज्या भांड्यांत ओतावा त्याचा आकार घेतो. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची, बी.व्होक. मधली एका वर्षाची, आणि तालुक्याच्या स्टँडसमोरच्या माडीवरची तीन महिन्यांची. नांव तिघींचें एकच!

चुका दोन्ही बाजूंनीं होतात. बारावी वाणिज्य झालेली मुलगी फुकट आहे म्हणून दुकानांतील विक्रीचा तिसऱ्या पायरीचा वर्ग करते. मग तसाच दुसरा करते, मग तिसरा. तीन वर्षांनीं तिच्या पेटींत चार दाखले असतात आणि ती असते तेथेंच. हें जिना चढणें नव्हे, एकाच पायरीवर पाय आपटणें आहे. तिला हवा होता तो टॅलीवरचा खरा सराव, जी.एस.टी.चे कागद भरण्याची संवय आणि एखाद्या कर-सल्लागाराच्या कचेरींत वर्षभर बसणें. उलट बाजूला दहावी नापास मुलाला एका वर्षांत एम.बी.ए. करून देऊं म्हणणारे भेटतात. एम.बी.ए.ला आधीं पदवी लागते, हें त्या बापाला कोणी सांगत नाहीं आणि म्हैस विकली जाते. त्या मुलानें प्रथम दहावी सोडवावी. मंडळाची पुरवणी परीक्षा आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. आय.टी.आय.मध्यें कांहीं मोजके व्यवसाय दहावी नापासालाही खुले असतात. मात्र संगणकावरील कामाचा एक वर्षाचा 'कोपा' हा व्यवसाय घ्यावयाचा तर दहावी पास असावेंच लागतें.

आतां आमच्या कारागीर बंधूंविषयीं थोडें सविस्तर बोलूं, कारण त्यांच्याकडे पाहून कोणी हे कागद छापीत नाहीं. एक सुतार पलंग करतो असें समजा. लांकूड ७,००० रुपयांचें, खिळे, गोंद व पॉलिश १,२०० चें, वीज आणि हत्यारांची झीज ३००. एकूण ८,५००. पलंग ११,००० ला गेला कीं तो म्हणतो, अडीच हजार सुटले. पण पलंगाला त्याचे स्वतःचे पांच दिवस गेले. तोच सुतार दुसऱ्याच्या कामावर गेला असता तर ७०० रुपये रोजानें ३,५०० घेऊन आला असता. म्हणजे नफा तर दूरच, १,००० रुपये त्यानें गिऱ्हाइकाला आपल्या पदरचे दिले. त्यांत पैसे दिवाळीनंतर देतों म्हणून सांगितलें असेल तर व्याजही त्याचेंच. या माणसाचा हात कमी नाहीं, त्याच्या वहींत मजुरीचें पान नाहीं. त्याला व्यापाराची पदवी घ्या म्हणणें ही थट्टा होईल. त्याला हवा तो किंमत ठरविण्याचा, उधारी मांडण्याचा व माल मोजण्याचा थोड्या दिवसांचा पण हातानें केलेला अभ्यास.

अशांसाठीं दोन वाटा आहेत. एक, बँकांनीं चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बहुतेक जिल्ह्यांत त्या आहेत, शिकणें व राहणें मोफत. दुसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेली पी.एम. विश्वकर्मा योजना. तींत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी धरून १८ व्यवसाय आहेत. पांच ते सात दिवसांचें मूलभूत शिक्षण, त्या दिवसांचा ५०० रुपये रोज भत्ता, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानें पहिलें कर्ज १ लाखापर्यंत, असें तिचें स्वरूप आहे. सात दिवसांत कोणी व्यापारी होत नाहीं, आणि कर्ज म्हणजे बक्षीस नव्हे हें घरांत स्पष्ट असावें. पण हत्यारें सोडूं नयेत. ज्यांचा हात पंचवीस वर्षांचा तयार आहे व कागद एकही नाहीं, त्यांनीं पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची जी सोय आहे तिची चौकशी करावी. शिकलेलें पुन्हा शिकण्यांत रोज बुडवूं नये.

सुताराच्या मुलीला मात्र गांवच्या सोसायटींत किंवा पतसंस्थेंत बसावयाचें असेल तर तिची वाट निराळी. बारावी, मग पदवी, आणि पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा. ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देतां येते, वाणिज्यच पाहिजे असें नाहीं. ती उत्तीर्ण होऊन पुढें ठरलेला अनुभव मिळविला कीं सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या यादीवर नांव घालण्याचा मार्ग खुला होतो. ज्या सोसायटीच्या दारांत आपण कर्जासाठीं उन्हांत उभे राहतों, तिची वही आपल्या मुलीनें तपासावी, याहून व्यवहारी शिक्षण कोणतें? एखाद्या मुलाला बारावीतच हिशेबाची गोडी असेल तर त्यानें सनदी लेखापालाची पहिली परीक्षा द्यावी. ती बारावीनंतर देतां येते, आणि पुढें करावी लागणारी उमेदवारी २०२३ च्या नव्या रचनेंत तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली आहे. परीक्षा कठीण आहे, पुष्कळ मुलें दोन-तीनदां बसतात. तेवढा धीर घरांत असेल तरच ती वाट धरावी, आणि मधल्या काळांत बी.कॉम. सोडूं नये, म्हणजे हात रिकामा राहत नाहीं.

राहतां राहिला माडीवरच्या वर्गाचा प्रश्न. तो वर्ग वाईटच असतो असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें गेल्यावर तीन गोष्टी लेखी मागाव्या : दाखला कोणती संस्था देणार, पायरी कोणती, आणि शिकविण्याचे तास किती. २०१८ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद दाखला देणाऱ्या संस्थांना मान्यता देते, आणि मान्य अभ्यासक्रमांची राष्ट्रीय नोंदवही संगणकावर कोणालाही पाहतां येते. वर्गवाला म्हणेल कीं आमचा दाखला जगभर चालतो. चालूं द्यावा, आपण त्याला नोंदवहींतलें नांव दाखवावयास सांगावें. त्यानें चहा मागविला तर उठून यावें. सगळी फी एकदम मागणाऱ्यालाही हाच न्याय.

नोंदवही पाहावी असें सांगणें सोपें आहे, पण ती पाहणार कोण? ज्या बापासाठीं हें लिहिलें त्याला ती वाचतां येण्याजोगी नाहीं. म्हणून आमची सरकारकडे मागणी अशी कीं, व्यवसाय-शिक्षणाच्या प्रत्येक जाहिरातींत पायरी, तास, फी आणि दाखला देणारी संस्था हीं चार कलमें मराठींत ठळक छापण्याची सक्ती व्हावी, व जिल्ह्यांतील मान्य वर्गांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मे महिन्यांत लागावी. तोंपर्यंत आमच्या शिक्षकबंधूंनीं निकालाच्या आठवड्यांत एक संध्याकाळ शाळा उघडी ठेवावी, फोनवर ती नोंदवही उघडावी, आणि पालकांनीं आणलेला एकेक कागद तिच्याशीं ताडून पाहावा. मुलींच्या आयांनाही त्या संध्याकाळीं बोलवावें, कारण घरांतली फी बहुधा त्यांच्याच डब्यांतून निघते.