चौथं नाव सांगा!

हैदराबादला कार्यालयीन प्रशिक्षणाला गेलो असताना जेवणाच्या टेबलावर एकजण म्हणाला, "तुमचे गोव्याचे वादक म्हणजे स्टुडिओतले कामगार हो. कागद समोर ठेवला की वाजवणार. मैफल गाजवतो तो खरा कलावंत!" दुःख याचं, की आपले गोमंतकीय मराठी रसिकही मनातून हेच मानतात.

मग लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह'चं काय करायचं? १९२५ साली शिकागोत हे पाचजण जमले ते ओके कंपनीच्या ध्वनिमुद्रणासाठी. लोकांपुढे या नावाने ते अगदी क्वचितच उभे राहिले. १९२६ साली वाजवले तेही ओकेच्याच जलशात. तरीही त्यांच्या तबकड्या वगळून जॅझचा इतिहास लिहिता येत नाही. त्यांना कोणी कामगार म्हणत नाही, कारण तबकडीवर त्यांचं नाव छापलेलं होतं.

आमचं काय झालं? हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, 'हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग' म्हणून गाजले. 'अलबेला'त (१९५१) ते साथीदारांसह चक्क पडद्यावर दिसतात, पण आपल्याला आठवतात फक्त सी. रामचंद्र. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना ठाऊक आहेत? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. असे प्रसंग दुर्मिळच. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने डेव्ह ब्रुबेकची चौकडी मुद्दाम भारतात पाठवली, ती हैदराबादलाही वाजवून गेली. त्यांनी आपले वादक मिरवले. आपल्याकडे गोन्साल्विस उरले ते 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) एका गमतीदार गाण्यापुरते!

दीनानाथ आपले, केसरबाई आपल्या, मोगूबाई आपल्या. मग चिक का नाहीत? ट्रम्पेट वाजवायचे म्हणून? की इगर्जीत जायचे म्हणून? पेटी परदेशातून आली ती चालते, ट्रम्पेट तेवढं परकं! हा सोवळेपणा आता पुरे.

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं सांगतो. वाद्यमेळ बांधणाऱ्याचं चौथं नावही सांगा. ठाऊक नसेल तर शोधा. त्या पिढीचे थोडेच उरलेत, पण त्यांची मुलंबाळं आहेत. त्यांना विचारायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज आहे?