ग्रहण: भयाचे नव्हे, पुराव्याचे

ग्रहण हा शब्द आपल्या समाजाने फार निराळ्या अर्थाने भोगला आहे. ग्रहणकाळी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत दारोदार फिरण्याचे काम गावगाड्याने अस्पृश्यांच्या माथी मारले होते. ती आरोळी आपण टाकून दिली. परंतु ग्रहणात चूल न पेटवणारी घरे अद्याप आहेत, आणि त्यांत पदवीधरांची घरे कमी नाहीत. म्हणून सावलीचा खेळ समजावून सांगितला की विज्ञानाचा तास संपला, असे आम्ही मानत नाही. ग्रहण हे ज्ञानाचे साधन कसे होते, हेही विद्यार्थ्यांपुढे आले पाहिजे.

सप्तर्षींच्या तारकासमूहात यूएक्स उर्सा मेजोरिस नावाची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, ताऱ्यांची जोडी आहे. तिच्यातील एक श्वेत बटू, आकाराने पृथ्वीएवढा पण अतिशय घन. दुसरा थंड तांबडा तारा. तांबड्याचा वायू श्वेत बटूकडे ओढला जातो, पण थेट कोसळत नाही. त्याच्याभोवती फिरत चकती बनवतो आणि घर्षणाने तापतो. सुमारे 4 तास 43 मिनिटांच्या प्रत्येक फेरीत तांबडा तारा या चकतीला ग्रहण लावतो.

1978 साली सोडलेल्या आययूई उपग्रहाने अशा ताऱ्यांचे जंबुपार वर्णपट घेतले, तेव्हा चकतीवरून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने वायू बाहेर पडत असल्याच्या खुणा मिळाल्या. हाच चकतीचा वारा. पण दुर्बिणीत ही जोडी केवळ एक ठिपका. वाऱ्याचा आकार कळावा कसा? येथे ग्रहण कामी येते. चकती झाकली जाताच तिचा प्रकाश मोठ्या प्रमाणात घटतो, पण कार्बनच्या उत्सर्जनरेषेचा प्रकाश त्या मानाने थोडाच घटतो. म्हणजे तो चकतीपेक्षा विस्तीर्ण जागेतून येतो. (राजदरबाराचा झगमगाट दूर सारल्यावरच प्रजेचा इतिहास दिसू लागतो, हे इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.)

पुढचे काम प्रतिमानाचे. वारा चकतीच्या दोन्ही बाजूंना शंकूसारखा पसरतो असे गृहीत धरायचे, त्याला वेग व घनता द्यायची, संगणकात प्रकाशकण त्यातून सोडायचे आणि येणारा वर्णपट खऱ्याशी ताडायचा. ग्रहणाबाहेरच्या एकाच वर्णपटाशी जुळणारी प्रतिमाने अनेक बांधता येतात. ग्रहणातला वर्णपट त्यांची खरी परीक्षा घेतो. हबल दुर्बिणीने टिपलेल्या ग्रहणांवरून क्रिश्चन क्निगे आणि जॅनेट ड्रू यांनी 1997 साली दाखवले, की नुसता वेगवान वारा पुरत नाही. चकती आणि वारा यांच्यामध्ये दाट, सावकाश वर सरकणारा थर मानावा लागतो. हा वारा नेमका कशाने ढकलला जातो, याचा वाद अद्याप मिटलेला नाही.

कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण वारंवार सांगतो. परंपरा, ग्रंथ, ऐकीव गोष्टी एवढ्यावर विसंबू नका. त्याच यादीत निव्वळ तर्कही आहे, याचा मात्र आपल्या व्याख्यानांत सोयीस्कर विसर पडतो. स्वतःच्या सुबक तर्कालाही पुराव्यापुढे उभे करणे पोथी नाकारण्याहून कठीण आहे, आणि आमच्या वर्गांत नेमके तेच शिकवले जात नाही. तयार उत्तराला गुण मिळतात.

नववीच्या मुलांना एक दिवा, दोन चेंडू आणि आलेखवही द्यावी. ग्रहणाच्या प्रकाश-आलेखावरून झाकलेल्या वस्तूचा आकार ओळखायला सांगावा. पुराव्याने खोडलेल्या अंदाजालाही प्रयोगवहीत गुण द्यावेत, ही आमची संस्थेला सूचना आहे.