ओरखडा काढणे नावाची थाप

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी स्वतःच्या हाताने बाबांच्या गाडीची वाट लावली.

गाडी साडेसहा वर्षांची, रंग सिल्व्हर. मागच्या डाव्या दरवाजावर वीतभर ओरखडा. सोसायटीच्या फाटकातून आत घेताना बाबांकडूनच लागलेला. बाबांचं म्हणणं, "राहू दे रे, त्यातून पाऊस आत येत नाही." पण आपण पडलो इंजिनियर. बग दिसला की हात शिवशिवणारच.

रात्री चार व्हिडिओ बघितले. सगळ्यांत एकच मंत्र : पाणी, २००० नंबरचा वॉटर पेपर, कंपाऊंड, पाच मिनिटं, झालं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे २००० नव्हता, ८०० होता. म्हटलं कागद तो कागद. (नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत, हे मला नंतर कळलं. म्हणजे कळायचं तेव्हा कळलं.)

घासताना ओरखडा खरंच गेला! आईला बाल्कनीतून बोलावून दाखवला. मग दरवाजा वाळला. ओरखडा होता तिथेच, आणि त्याच्याभोवती तळहाताएवढा पांढुरका, आंधळा डाग. ओलं असताना पाणी सगळ्या चरांत भरतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, इतकं साधं आहे ते. मी घाबरून कंपाऊंड लावलं आणि जोर काढला. फडक्यावर राखाडी रंग यायला लागला. मला वाटलं, मळ निघतोय. मळ कसला, गाडीचा रंग होता तो.

आता मुद्द्याचं. माझं म्हणणं असं आहे की 'ओरखडा काढणे' असं काही नसतंच. ओरखडा म्हणजे खड्डा. खड्डा काढून कसा टाकणार? आपण काढतो ती त्याच्या आजूबाजूची जमीन. सगळं खड्ड्याच्या पातळीला आलं की म्हणायचं, खड्डा गेला.

आणि ही जमीन आहे तरी किती? कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थोडक्यात, वहीच्या कागदापेक्षा किंचित जाड. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चकाकी त्याची, उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही त्याचंच. पॅनेलच्या कडांवर आणि घड्यांवर तर घासताना तो बघता बघता संपतो. तुम्ही घासता ते या शिलकीतून, आणि या खात्यात पैसे फक्त काढता येतात, भरता येत नाहीत. अनडू नाही, बॅकअप नाही.

मग शेजारचे काका "रबिंग मारून टाक" असं इतक्या खात्रीने का सांगतात? कारण ते खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात. पद्मिनी-अॅम्बॅसिडरच्या जमान्यातल्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसायचा. वरचा थर उन्हाने मरायचा, रबिंग केलं की तो निघायचा आणि खालचा ताजा रंग दिसायचा. फडक्यावर रंग आला म्हणजे काम नीट चाललंय अशी खूण. आजच्या मेटॅलिक गाडीवर नेमकी तीच खूण उलटी : फडक्यावर रंग आला म्हणजे क्लिअर कोट संपला, थांबा! खूण तीच, अर्थ उलटा, आणि हे सांगायला कोणी नाही.

काकांना माफ. व्हिडिओवाल्यांना नाही. ते नेमकं ओलं किंवा तेलकट असतानाच दाखवतात. बऱ्याच जादूच्या ट्यूबांमध्ये चर बुजवणारं मेण किंवा तेल असतं. चार वेळा गाडी धुतली की ओरखडा पुन्हा हजर. तो पाचवा दिवस व्हिडिओत कधीच नसतो. टूथपेस्टवाले तर धन्य. दात घासायचं भुकटीमिश्रित मलम ते, त्याची भुकटी किती बारीक हे कोणी रंगासाठी ठरवलेलं नाही. आणि सर्व्हिसिंगबरोबर 'रबिंग-पॉलिश फ्री' देणारे गॅरेजवाले? दर वेळी तुमच्याच शिलकीतून थोडं काढून तुम्हालाच भेट देतात.

"मग काय काहीच करायचं नाही?" असं कोणी म्हणेल. करायचं की. आधी गाडी धुवा, नाहीतर धूळच पॉलिश पेपरचं काम करते. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडलं नाही तर सगळ्यात बारीक कंपाऊंड, हाताने, थोडंसं, आणि थांबा. नख अडलं तर घासायचा विचार सोडा. गाडीच्या कलर कोडप्रमाणे टच-अपची बाटली घ्या, टूथपिकने चरात रंग भरा. दिसेल? दिसेल. पण पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरणार नाही, आणि पावसाळ्यात महत्त्वाचं तेच.

माझ्या डागाचं काय? पहिल्या मिस्त्रीने "मधल्यामधे स्प्रे मारून देतो साहेब" म्हटलं. नको म्हटलं, कारण नव्या क्लिअर कोटची कड दरवाजाच्या मध्यात संपली की ती पुढेमागे दिसायला लागते, सुटतेसुद्धा. वर त्याने इन्शुरन्सच्या कागदावर अपघात दाखवायचा सल्ला दिला. एक तर ते खोटं, आणि पाच वर्षं क्लेम नाही म्हणून ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी ५० टक्के सूटही गेली असती. दुसऱ्याने अख्खा दरवाजा केला आणि सिल्व्हरची छटा जुळावी म्हणून शेजारच्या दोन पॅनेलवर रंग विरळ करत नेला. साडेनऊ हजार रुपये. तरीही तो कारखान्याचा रंग नव्हे. तिथे नुसती बॉडी सुमारे १४० अंशांना भाजतात. वायरी-प्लास्टिक-टायर लागलेली गाडी तेवढी तापवता येत नाही, म्हणून गॅरेजात हार्डनर घालून ६० अंशांच्या आसपास भागवतात.

पैशाचं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. परवा बाबांना बँकेत जायचं होतं. किल्ली समोर होती, तरी रिक्षाने गेले. "का?" विचारलं तर म्हणाले, "एवढा खर्च केलायस, पुन्हा घासली तर?"

त्या ओरखड्यासकट बाबा रोज गाडी चालवत होते. चालणारी गोष्ट मी दुरुस्त केली आणि बंद पाडली. ऑफिसात असलं कोणी केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापला असता.

उद्या रविवार. बाबांना बाजूला बसवून नाही, ड्रायव्हर सीटवर बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलंय. फाटकाला लागली तर लागली.