मे महिन्यात पोरं सांभाळायची कुणी?

आज १ मे. सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होतं, मग वर्गात निकालपत्रकं वाटली जातात, ‘पास’ एवढं ऐकून पोरं उधळतात आणि फाटकाला जूनच्या मध्यापर्यंत कुलूप पडतं. आज महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. सातारा-सांगलीकडच्या मजुरी करणाऱ्या घरांत या सगळ्याची गाठ उद्या सकाळी पडते. पोराला सुट्टी लागलेली असते, आईला नाही.

मे हा आपल्याकडं कामाचा महिना. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांत खरड छाटणीनंतर फुटी काढायला, शेंडे खुडायला बायकांच्या टोळ्या लागतात. कोरेगाव-साताऱ्याकडं आल्याच्या लागणीची घाई असते. विट्याचे यंत्रमाग थांबत नाहीत, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या थांबत नाहीत. शहरातली धुणीभांडी तर या महिन्यात वाढतात, कारण ज्या घरात ती करायची तिथं सुट्टीचे पाहुणे आलेले असतात.

एखाद्या बागेत वाकून आत शिरा. मांडवाच्या लोखंडी अँगलला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली दिसेल. झोळीत वर्षाचं पोर, आणि झोळीची दोरी हातात धरून सात-आठ वर्षांची थोरली. बाजूला पाण्याचा कॅन, फडक्यात भाकरी, शेजारच्या बागेतून येणारा औषधाचा वास. पोर किरकिरलं की दोरीला हिसका. आई ओळीच्या पार त्या टोकाला. ही मुलगी आज तिसरीत गेली. आपल्या भागातलं सगळ्यात स्वस्त पाळणाघर म्हणजे ही थोरली बहीण, आणि तिची मजुरी कुठल्याच हजेरीवहीत लागत नाही.

दुसरीकडं शहरातल्या चौकाचौकांत उन्हाळी शिबिरांचे फलक लागलेत. चित्रकला, स्केटिंग, बालनाट्य, व्यक्तिमत्त्व विकास. शिबिरांशी आमचं भांडण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तिथल्या पोरांना चार दिवस रंगमंचावर उभं राहायला मिळत असेल तर चांगलंच आहे. फी परवडत नाही ही अडचण तर उघड आहे. पण फुकट शिबिरांनीही ज्या आईचं भागत नाही, तिची अडचण वेगळी आहे. शिबिर दोन तासांचं असतं आणि तिचं काम आठ तासांचं. नऊ वाजता शिबिर सुटलं की पोराला घ्यायला येणार कोण? म्हणून स्वस्त शिबिर काढलं की प्रश्न सुटला, असं समजणाऱ्या मंडळांनी आणि नगरसेवकांनी एकदा घड्याळाकडं बघावं.

मग मामाचं गाव? ‘मामाच्या गावाला जाऊया’ या गाण्याचे कवी गदिमा आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यात शेटफळ्यात जन्मलेले. ज्यांच्या हातून १९६० साली महाराष्ट्राचा कारभार सुरू झाला त्या यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्र्याचा, तेही त्यांचं आजोळच. एसटीनं प्रवास अजून आवाक्यात ठेवलाय: पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, १७ मार्च २०२३ पासून बाईलाही अर्धं. मायलेकरं मिळून एका पूर्ण तिकिटात माहेरी पोचतात. पण तिथं मामा आणि मामी दोघंही कामावर, आणि आजीचे गुडघे धरलेले. आठ दिवस ठीक. पुढचे पाच आठवडे उरतातच.

कायद्यात पाळणाघर नाही असं नाही. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यानं पाळणाघर चालवावं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला फक्त मुलं सांभाळायला नेमून तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, ही तरतूदही आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. पण द्राक्षबागेतली टोळी कारखान्यात मोडत नाही आणि रोजगार हमीतही मोडत नाही. शिवाय या सगळ्या तरतुदी फार तर सहाव्या वर्षाशी थांबतात. सात ते बारा वयाचं पोर जूनपासून शाळेचं असतं. मे महिन्यात ते कुणाचंच नसतं.

आणि मे महिन्यातच विहिरी ओढतात. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा डबा बांधून काठावरच्या काका-मामाच्या नजरेखाली पोहायला शिकणं ही आपल्याकडची खरी फुकट शाळा होती. आता काठावर ते काका-मामा नसतात, आणि मेमधल्या वर्तमानपत्रात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरीही आहेत. बुडालेल्या पोराच्या आईला ‘लक्ष कुठं होतं?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ती कामावर होती.

मग करायचं काय? आपल्या जिल्ह्यांना हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या गरीब पोरांचं बोर्डिंग काढलं तेव्हा पैसा नव्हता. गावोगावच्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. त्या मुष्टिफंडावर पोरं जेवली आणि शिकली. अगदी अलीकडचं पाहायचं तर कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव घ्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बायकांनी सभेत ठरवलं आणि देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला तो वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीसेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. खर्च काय, तर एका भोंग्याचा. जे गाव पोरांसाठी सगळ्यांचे मोबाईल खाली ठेवायला लावू शकतं, त्याला शाळेचं कुलूप उघडणं अवघड नाही.

कारण लागणारं सगळं कुलपाआडच आहे. सावली, पाणी, संडास, पटांगण, स्वयंपाकाची शेड. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच शाळेच्या दोन खोल्या उघड्या ठेवायच्या. उन्हं चढेपर्यंत पटांगणात लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, लेझीम. दुपारी जेवण आणि झोप. उन्हं कलेपर्यंत सागरगोटे, चिंचोके, काचाकवड्या, गोष्टी. यातलं काही विकत आणावं लागत नाही. वाचायला गावच्या ग्रंथालयातली पुस्तकं महिन्यापुरती अनामत न घेता द्यावीत. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. एखाद दिवशी टेम्पो करून पुस्तकांच्या गावाला, भिलारला, जाता येतं. तिथं २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि ती बसून वाचायला पैसे पडत नाहीत. साताऱ्याच्या पोरांना अजिंक्यतारा आहे, मिरजेच्या पोरांना सतारमेकर गल्ली. भोपळ्याची सतार होताना किती मिरजकर पोरांनी पाहिलीय, हा आमचा जुना खाजगी प्रश्न आहे.

हे शिक्षकांच्या गळ्यात मात्र घालू नये. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणं यांतून त्यांची सुट्टी आधीच निम्मी झालेली असते. गावात डीएड-बीएड करून घरी बसलेली पोरंपोरी आहेत, बचतगटाच्या बायका आहेत. त्यांनी हे काम करावं आणि मजुरी घेऊन करावं. सेवाभाव म्हणून बायकांकडून फुकट राबवून घेतलेली योजना तिसऱ्या आठवड्यात बसते. पैसा कुठून, असं सरपंच विचारतील. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते सतरंज्यांवर आणि शिलाई यंत्रांवर जातात. कुलूप उघडायला मुख्याध्यापक कचरले, तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका.

जेवणाचं काय? माण, खटाव, जत, आटपाडीत दुष्काळ जाहीर झाला की उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं दुपारचं जेवण चालू ठेवायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. पण बंद शाळेत नुसतं खिचडी खायला भर उन्हात पोर चालत येत नाही. शाळा दिवसभर उघडी असेल तर येईल. दुष्काळ जाहीर नसलेल्या गावांत पोरानं घरून भाकरी आणावी, आमटी गावानं करावी.

शहरात ग्रामसभा नसली तरी महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या शाळा आहेत, त्यांची पटांगणंही रिकामीच पडून असतात. मतांसाठी प्रभागात मोफत शिबिर घेणाऱ्यांनी तेच पैसे दहा दिवसांच्या मांडवाऐवजी दीड महिन्याच्या दोन खोल्यांवर लावावेत. त्या फलकावर त्यांचा फोटो छापायलाही आमची हरकत नाही.

आज गावोगावी १ मेची ग्रामसभा आहे, आणि तिच्याआधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. आज गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर ती पुढं घ्यावीच लागते. बायकांनी तिथं हा एकच विषय लेखी द्यावा: उद्यापासून शाळेच्या दोन खोल्या दिवसभर उघड्या, आणि त्या सांभाळणाऱ्या दोघींना ग्रामपंचायतीकडून मजुरी. ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय आणि किल्ली कुणाकडं राहणार हे ठरल्याशिवाय जागेवरून उठू नये.