कपात मोजायची कुठून?

युद्ध संपल्यावर लष्करी खर्चाला किती कात्री लागली, या विषयावरचे लेख आमच्याकडे येतात तेव्हा सोबतचा आलेख बहुधा एकाच साच्यातला असतो. शिखराचे वर्ष शंभर धरायचे, घसरण काढायची आणि अमेरिकेची चार युद्धे शेजारी-शेजारी बसवायची. चित्र देखणे दिसते. निष्कर्ष मात्र डळमळीत.

1945 चे उदाहरण कोणत्याही फूटपट्टीने मोजा. त्या आर्थिक वर्षातला 83 अब्ज डॉलरचा खर्च 1948 मध्ये 9 अब्जांवर आला. (युद्धानंतर मोठ्या बेकारीचा धसका अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सननेही घेतला होता. ती चार टक्क्यांच्या आतच राहिली, हे वर्गात जरूर सांगावे.) कोरियापासून मात्र गुंता सुरू होतो. 1953 मध्ये जीडीपीच्या 13.8 टक्के असलेला खर्च दोन वर्षांत साडेदहाच्या आसपास उतरला. म्हणजे जवळपास पाव हिस्सा कपात! पण युद्धाआधी, 1950 मध्ये, तो जेमतेम पाच टक्के होता. शांतता आली ती दुप्पट खर्च घेऊन. याला कपात म्हणणे आम्हाला जड जाते.

शीतयुद्धानंतरचा ‘शांततेचा लाभांश’ तर जपूनच हाताळावा. जीडीपीतला हिस्सा 1986 मध्ये सहा टक्के होता, 1999 मध्ये तीनच्याही खाली गेला. चालू किमतींत पाहिले तर 1986 चा आकडा 273 अब्ज आणि 1999 चा 275 अब्ज. एका डॉलरचीही कपात नाही! अंश जागच्या जागी राहिला, छेद दुपटीहून अधिक फुगला. मग कपात झालीच नाही का? झाली. दरम्यान ग्राहक किमती दीडपट झाल्या, तेव्हा खऱ्या अर्थाने सुमारे एक तृतीयांश खर्च घटला. गणवेशातली माणसेही बावीस लाखांच्या घरातून चौदा लाखांवर आली. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. लेखकाने आपण कोणते देतो आहोत ते सांगितले पाहिजे. व्हिएतनामच्या आकड्यांतही हीच महागाई दडलेली आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये गंमत उलटी. सरकारी खर्चावर गेडीस समितीची कुऱ्हाड 1922 मध्ये पडली, पाठोपाठ आपल्याकडे त्याच कामासाठी इंचकेप समिती आली. पण तेव्हा किमतीच घसरत होत्या, त्यामुळे चालू पौंडांतली कपात खरीपेक्षा मोठी भासते.

तेव्हा लेख पाठवणाऱ्या प्राध्यापक-संशोधकांना विनंती: कोष्टकात चालू किमती, स्थिर किमती आणि जीडीपीतला हिस्सा असे तीन स्तंभ ठेवा, आणि युद्धापूर्वीच्या वर्षाची ओळ वगळू नका. ती नसेल तर लेख दुरुस्तीसाठी परत येईल.