यहुद्यांची मराठी

मानपाड्याहून ठाणे शहरात गेलात, तर टेंभी नाक्याजवळ यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर दिसेल. ते १८७९ सालचे. त्याचे नाव ‘शार हाशमाईम’, म्हणजे आकाशाचे द्वार. उर्दूतला ‘समा’ शब्द तुम्हांला ठाऊक आहे. हिब्रू ‘शमाईम’ हा त्याचाच भाऊबंद.

हे यहुदी म्हणजे बेने इस्राएल, आपण उर्दूत ज्यांना बनी इस्राईल म्हणतो ते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे आणि घरची भाषा मराठी. त्यांच्या मंगल प्रसंगी पोहे, नारळ व साखरेचा ‘मलीदा’ होतो. हा शब्द तर आपल्याही घरातला!

युरोपातील यहुद्यांची भाषा यिद्दिश. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीकाठच्या जर्मन बोलीत हिब्रू शब्द मिसळून ती घडली. पुढे पोलंड, रशियाकडचे शब्दही तिच्यात आले. लिपी हिब्रू, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे. मातृभाषेला ते ‘मामे लोशन’ म्हणतात. हा लोशन म्हणजे आपला ‘लिसान’. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे एक कोटी लोक ती बोलत. नाझींनी साठ लाख यहुदी मारले. त्यांतील बहुतेकांची भाषा हीच होती. तरी न्यूयॉर्क आणि जेरुसलेममधील काही वस्त्यांत मुले आजही यिद्दिशमध्ये भांडतात व खेळतात.

बेने इस्राएलांच्या बोलीलाही काही अभ्यासक ‘यहुदी मराठी’ असे वेगळे नाव देतात. मला ते पटत नाही. तिच्यात हिब्रू शब्द आहेत, हे खरे. पण हे लोक देवनागरीत लिहीत. त्यांच्या सणाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले. हजरत मूसांच्या कथेवर ते मराठीत कीर्तन करत. मग ती मराठी नाही तर काय? प्रार्थना हिब्रूत आणि व्यवहार मराठीत, यात त्यांना अडचण वाटली नाही. ‘उर्दू आमची, मराठी त्यांची, आपल्याला ती परीक्षेपुरती पुरे,’ असे आपल्यातले काही विद्यार्थी म्हणतात. त्यांनी हे ‘त्यांची’ म्हणजे नक्की कोणाची, ते सांगावे.

१९४८ नंतर बरेच बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. ठाण्यात काही कुटुंबे अजून आहेत. तिकडे मात्र आजी मराठीत हाक मारते आणि नातवंडे हिब्रूत ओ देतात.